सदतीस डबे आणि एक टर्की

टर्की कशीबशी फ्रीजमध्ये बसली, पण मग फ्रीजचे दार बसेना.

ग्रंथपालांनी ते आधी हाताने ढकलले, मग खांद्याने ढकलले, आणि शेवटी त्याला पाठ लावून स्वतःच उभे राहिले. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना ग्रंथपालच म्हणत असे. चाळीस वर्षे पुस्तके कप्प्यात बसवण्यात गेली होती, त्यामुळे कप्प्यात न मावणारी वस्तू त्यांना नवीन नव्हती. पण पुस्तक निदान गोठलेले नसते, आणि त्याला तंगड्या नसतात.

"अहो, असं किती वेळ उभं राहणार?" बायकोने खुर्चीतून विचारले.

"पुस्तकात लिहिलंय, दोन किलोला एक दिवस लागतो विरघळायला. ही नऊ किलोची. म्हणजे साडेचार दिवस."

"मग चहा तिथेच आणून देऊ?"

टेबलापाशी बायकोचा धाकटा भाऊ बिस्किटे खात बसला होता. वय अठ्ठावन्न, वजन टर्कीच्या अकरापट, आणि हाक मारायचे नाव छोट्या. ते लहानपणी पडले ते पडलेच.

"छोट्या, मी तुला मोठी कोंबडी आण म्हटलं होतं," बायको म्हणाली.

"मग? मोठीच आहे की."

"ही कोंबडी नाही रे. ही कोंबडीची आत्याबाई आहे."

"ताई, तूच म्हणालीस, सगळ्यांना पुरली पाहिजे. खाटकाला विचारलं, सगळ्यांना पुरेल असं एकच काय आहे? त्यानं ही काढली. त्याला बिचाऱ्याला दोन्ही हात लावावे लागले."

शेवटी वरचा कप्पा काढला, दूध बेकरीवाल्याच्या फ्रीजमध्ये पाठवले आणि बायकोची इंजेक्शने शेजारच्या सिस्टरकडे ठेवायला दिली, तेव्हा कुठे दार लागले.

"काका, तुमच्या फ्रीजला काय झालं?" सिस्टरने विचारले.

"पाहुणे आले आहेत," ग्रंथपाल म्हणाले, आणि ती आणखी काही विचारायच्या आत घरी परतले. एका टर्कीपायी त्यांच्यावर दोन नवे उपकार झाले होते, आणि ती टर्की आणली होती ती उपकार फेडायला.

हे जरा मागे जाऊन सांगायला हवे. चार महिन्यांपूर्वी बायको जिन्यावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे सात आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. ग्रंथपालांना स्वयंपाकातले चहा आणि उकडलेले अंडे एवढेच येत असे, आणि अंडे किती उकडायचे याबद्दल नवरा-बायकोत मतभेद होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. बेकरीवाला पावाची लादी आणि डबाभर सूप घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी वेल्डरच्या बायकोने डबा पाठवला. मग डबे येतच राहिले. शेजारची सिस्टर रुग्णालयातली पाळी संपवून दमून यायची, इंजेक्शन द्यायची, बायकोला धरून चालवायची आणि जाताना कधीकधी हळूच एक डबा ओट्यावर ठेवून जायची. पहिल्या दिवशी बायको दोन पावले चालली, मग बारा, मग वीस. आता ती काठी टेकत खिडकीपर्यंत जात होती.

ते डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीने लावलेले होते. ग्रंथपालांनी सवयीने प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली होती: कोणाचा, कोणत्या तारखेला आला, आत काय होते. एकूण सदतीस. पण परत करायचे तर रिकामे कसे करणार? दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे ग्रंथपालांच्या आईने त्यांना लहानपणीच सांगितले होते, आणि आईने सांगितलेले व पुस्तकात छापलेले यावर त्यांचा सारखाच विश्वास होता. भरून द्यायचे तर भरणार कोण? बायको ओट्यापाशी फार वेळ उभी राहू शकत नव्हती आणि उकडलेल्या अंड्यांनी सदतीस डबे भरणे शोभले नसते. जो माणूस चाळीस वर्षे लोकांना 'मुदत उलटली, परत करा' अशी पत्रे पाठवत आला, त्याच्याच घरात मुदत उलटलेल्या सदतीस वस्तू पडून होत्या. त्या फळीसमोरून जाताना ते मान खाली घालत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की सिस्टरचे आभार मानायचे राहूनच गेले होते. त्यांनी तीनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा ते म्हणाले, "आज वारा जरा जास्त आहे." दुसऱ्यांदा त्यांनी बोलण्यासाठी घसा साफ केला, तर तिने त्यांना आ करायला लावून बॅटरीने घसा तपासला. तिसऱ्यांदा पत्र लिहायला घेतले. अकरा कच्चे खर्डे झाले, आणि अकरावा पहिल्यापेक्षा वाईट होता.

आता सिस्टरची बदली झाली होती. रविवारी चार वाजता ट्रक येणार होता. तोवर तिचे सात डबे भरून तिच्या हातात द्यायचे आणि तोंडाने दोन शब्द बोलायचे, एवढेच ग्रंथपालांना या जगाकडून हवे होते.

गुरुवारी असे लक्षात आले, की टर्की ओव्हनमध्येही जात नाही. ग्रंथपालांनी टेप लावून मापले. चार बोटे जास्त भरली.

"तुकडे करा की तिचे," बायको म्हणाली. "उद्या-परवा सुरी चालेल."

"तुकडे?" छोट्याला वाईट वाटले. "ताई, तुकडेच करायचे तर मी चार कोंबड्या नसत्या आणल्या?"

आयुष्यात पहिल्यांदाच ग्रंथपाल मेहुण्याशी सहमत झाले. सात आठवड्यांचे आभार अख्खेच मानायला हवेत, असे त्यांना मनातून वाटत होते. "मी बघतो," ते म्हणाले. ग्रंथपाल 'मी बघतो' म्हणाले, की त्याचा अर्थ 'मी वाचतो' असा होत असे. ते ग्रंथालयात गेले आणि उघड्यावरच्या स्वयंपाकावरचे एक जाड पुस्तक घेऊन आले. त्यात अख्खी टर्की घराबाहेर शिजवण्याच्या चार रीती दिल्या होत्या.

"पहिली," त्यांनी वाचले. "अंगणात कमरेइतका खड्डा खणायचा, तळाशी निखारे, त्यावर गुंडाळलेली टर्की, वरून माती लोटायची, आणि रात्रभर ठेवायचं."

"नको हो," बायको म्हणाली. "मी चार महिने घराबाहेर दिसलेली नाही, आणि तुम्ही अंगणात खड्डा खणताय. लोक काय म्हणतील?"

"दुसरी. टर्की दोरीला टांगायची आणि विस्तवासमोर हळूहळू फिरवत राहायची. पाच ते सहा तास."

"मी फिरवतो!" छोट्या म्हणाला.

"तू? तू पंख्याचं बटण दाबायला उठत नाहीस."

"मग तळू या. मोठं पातेलं, वीस लिटर तेल, आणि सोडायची आत धाडकन. माझ्या एका मित्रानं केलं होतं."

"तीच तिसरी रीत आहे," ग्रंथपाल गंभीरपणे म्हणाले. "आणि लेखक म्हणतो, करू नका. पक्ष्यात जरा जरी बर्फ राहिला, तरी तेल उसळून बाहेर येतं आणि भडका उडतो. स्वतः लेखकाच्या भुवया गेल्या त्यात."

छोट्याने पुस्तक ओढून घेतले आणि मागच्या पानावरचा लेखकाचा फोटो निरखून पाहिला. लेखकाने टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली होती. छोट्याने पुस्तक मुकाट्याने परत दिले. तेलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

राहिली चौथी रीत. जमिनीवर फॉइल अंथरायची, मधोमध गज उभा करायचा, त्यावर टर्की बसवायची, वरून पत्र्याचे पिंप पालथे घालायचे, आणि पिंपाच्या डोक्यावर व भोवती निखारे रचायचे. दोन तासांत टर्की तयार. ग्रंथपालांना ही रीत आवडली, कारण तिच्यात पिंप एकदा पालथे घातल्यावर काहीच करायचे नव्हते. त्यांनी पुस्तकातले सुरक्षिततेचे नियम एका कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले. घरापासून दहा पावले दूर. जवळ एक बादली वाळू. कच्च्या मांसाला हात लागला की साबणाने धुवायचे. मांडीच्या जाड भागात आतले तापमान चौऱ्याहत्तर अंश झाल्याखेरीज कोणीही खायचे नाही. हा शेवटचा नियम त्यांनी लाल शाईने लिहिला.

रविवारी सकाळी सहा वाजता टर्की बाहेर काढली. छोट्याने तिच्या पोटात हात घातला आणि ओरडून बाहेर काढला.

"भावजी, आत बर्फाची लादी आहे!"

"असणारच. बुधवारी संध्याकाळी आणली, रविवार सकाळ म्हणजे साडेतीनच दिवस झाले. अजून एक दिवस हवा होता." ग्रंथपालांनी हे आधीच मोजायला हवे होते. त्यांनी ते मोजलेही होते, पण बदलीची तारीख बदलणे त्यांच्या हातात नव्हते.

"गरम पाणी ओतू?"

"अजिबात नाही. बाहेरून कोमट आणि आतून बर्फ, म्हणजे जंतूंना मेजवानी. पुस्तक म्हणतं, गार पाण्यात बुडवायची, आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं."

टर्की न्हाणीघरातल्या टबात गेली. थोड्या वेळाने आतून बायकोचा आवाज आला.

"अहो, हिला माझ्या स्टुलावर कोणी बसवलं?"

"ताई, पाणी बदलताना ठेवायला दुसरी जागाच नव्हती," छोट्या म्हणाला.

"ते सिस्टरनं मला आणून दिलेलं स्टूल आहे! उतरव तिला! आणि स्टूल साबणानं घास, दोनदा!"

दर अर्ध्या तासाने पाणी बदलण्यात साडेदहा वाजले. त्या दिवशी छोट्याने इतक्या वेळा साबणाने हात धुतले, की त्याच्या बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे जन्मभराची उणीव भरून निघाली.

अंगणात त्याने आणलेले पिंप चकाकत होते. कचऱ्याचे होते, पण कोरे करकरीत. ग्रंथपाल फॉइल अंथरत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून वेल्डर ओरडला.

"ग्रंथपाल, ते पिंप विस्तवावर घालू नका!"

"हे? हे नवीन आहे."

"नवीन आहे म्हणूनच सांगतोय. त्याला जस्ताचा मुलामा आहे. तापला की त्याचा धूर होतो. आमच्या धंद्यात त्या धुरानं माणूस रात्रभर तापानं कुडकुडतो. आणि तुम्ही त्याच्याखाली जेवण ठेवताय!"

ग्रंथपालांनी पुस्तक उघडले. हा इशारा त्यात होता, पण तळटीप होती, आणि अक्षर फार बारीक होते. तळटीपा वाचा असे दुसऱ्यांना सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला यापेक्षा मोठी शिक्षा नसेल.

वेल्डर मात्र बोलत बसला नाही. वीस मिनिटांत तो साध्या लोखंडी पत्र्याचे, आधी जाळून स्वच्छ केलेले पिंप घेऊन आला, आणि तळाला चार पाय जोडलेला स्टीलचा गजही. "पक्षी पडायला नको म्हणून पाय लावले," तो म्हणाला.

"तुमचे किती..." ग्रंथपाल चाचरले. "म्हणजे तुमचे चार डबे आधीच माझ्याकडे आहेत."

"असू देत की. काय पळून चाललेत?"

अकरा वाजता टर्की गजावर बसली, पिंप पालथे झाले आणि निखारे रचले गेले. ग्रंथपालांनी दहा पावले मोजून खडूने वर्तुळ आखले. निरोपाच्या दिवशी ग्रंथालयाने त्यांना भेट दिलेली 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी कुंपणाला टांगली आणि वर्तुळाबाहेर खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटे अंगणात खरोखर शांतता होती.

मग छोट्या उठला. हातमोजे घालून त्याने पिंप वर उचलले.

"काय करतोस!"

"बघतोय फक्त."

"उचललंस की आतली सगळी धग जाते!"

"बरं, बरं. कशी दिसतेय ते तरी विचारा."

"कशी दिसतेय?"

"बसलीय आपली."

अर्ध्या तासाने वेल्डर आला. आपले पिंप कसे वागते हे पाहायला त्याने ते उचलले. साडेबाराला वेल्डरची बायको आली, आणि तिला दाखवायला त्याने ते पुन्हा उचलले. मग बेकरीवाला विचारपूस करायला आला. तो धंद्यातला माणूस, त्याला नाही म्हणण्याची ग्रंथपालांना हिंमत झाली नाही. 'शांतता राखा' या पाटीकडे तिथेही कोणी लक्ष दिले नाही. त्या बाबतीत अंगण आणि ग्रंथालय यांत ग्रंथपालांना काही फरक जाणवला नाही.

एक वाजून गेला. टर्की बाहेरून छान तांबूस दिसत होती.

"झाली!" छोट्या म्हणाला.

"आतलं तापमान बघितल्याशिवाय नाही." ग्रंथपालांनी नियमांचा कागद पुढे केला. मग त्यांचा चेहरा पडला. तापमान कशाने मोजायचे, हे त्यांनी कागदावर लिहिलेच नव्हते.

"थांबा, आणतो," छोट्या म्हणाला आणि घरात जाऊन आजारपणातला थर्मामीटर घेऊन आला. तो टर्कीच्या दिशेने वाकला, त्याच क्षणी कुंपणापलीकडून आवाज आला.

"मामा, तिला ताप आहे का?"

सिस्टर सामान बांधता बांधता वासाने बाहेर आली होती. तिच्या हातात दोरीचे भेंडोळे होते. ग्रंथपाल उठून उभे राहिले. तिला आश्चर्याचा धक्का देण्याचा बेत होता, तो असा मोडला.

"हा थर्मामीटर बेचाळीसच्या पुढे मोजत नाही," सिस्टर म्हणाली. "त्याच्या पुढे आम्हीही मोजत नाही. हे काय आहे काका?"

ग्रंथपालांनी घसा साफ केला. सिस्टरने खिशाकडे हात नेला.

"घसा बरा आहे," ते घाईने म्हणाले. "ही टर्की आहे. तुमच्या... म्हणजे डब्यांसाठी. आज वारा..."

"वारा आहे, हो," ती हसून म्हणाली. "पण चौऱ्याहत्तर अंशाआधी कोणाला खाऊ द्यायची नाही. उद्या सगळी गल्ली रुग्णालयात आली, तर तिथे मी नसेन."

बेकरीवाला आपला थर्मामीटर घेऊन आला. लांब सुई, वर घड्याळासारखी तबकडी. सिस्टरने तो हातात घेतला आणि सवयीच्या हाताने, हाड चुकवून, मांडीत खुपसला. सगळे वाकून पाहू लागले.

"एकावन्न."

"पुस्तकात दोन तास लिहिलंय," ग्रंथपाल हताश होऊन म्हणाले.

सिस्टरने पुस्तकाचे पान पाहिले. "काका, पुस्तकातली पाच किलोची आहे. आणि तिचं पिंप कोणी दर अर्ध्या तासाला उचलत नव्हतं."

सगळ्यांनी छोट्याकडे पाहिले. छोट्याने वेल्डरकडे पाहिले. वेल्डरने आकाशाकडे पाहिले.

निखाऱ्यांची राख होत आली होती. बेकरीवाल्याने भट्टीतल्या कोळशाचे पोते आणले आणि ते ओतताना सहज म्हणाला, "ग्रंथपाल, आज रविवार. माझी भट्टी रिकामी होती. तिच्यात अशा सहा टर्की मावतात."

"मला वाटलं... तुमचे आधीच अकरा डबे..."

"सकाळी एक शब्द टाकायचा होतात. आता तापवायची म्हटली तरी तीन तास लागतील." आणि तो मोठ्याने हसला. "उपकार नको म्हणून अंगणात होळी पेटवलीत होय? आणि तीही माझ्याच कोळशानं!"

घरातून कसला तरी आवाज आला. सगळे दचकून वळले. बायको खिडकीत बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, काठीवर कपाळ टेकून. जिन्यावरून पडल्यापासून ती अशी हसलेली ग्रंथपालांनी ऐकली नव्हती. ते कोळसे, पिंप, थर्मामीटर सगळे विसरून क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले.

पण घड्याळ थांबले नाही. तीन वाजता तापमान चौसष्ट झाले. आता पिंप उचलायचा अधिकार फक्त सिस्टरला होता, आणि छोट्याला वर्तुळाबाहेर खुर्चीत बसवून त्याच्या मांडीवर वाळूची बादली ठेवली होती. सगळ्यांना भूक लागली होती. वेल्डरच्या बायकोने उकडलेले बटाटे आणले. बेकरीवाल्याने पाव आणले. कोणी सूप आणले, कोणी काकडी-टोमॅटो चिरून आणले. सगळे डब्यांतून. ग्रंथपालांनी प्रत्येक डबा घेताना मनात आकडा वाढवला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस...

चार वाजता ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने सिस्टरच्या घराची कडी वाजवली. घरात कोणी नव्हते. मग तो वासाच्या दिशेने अंगणात आला.

"सिस्टर कोण? सामान चढवायचं ना?"

"एकोणसत्तर," सिस्टर सुईकडे पाहत म्हणाली.

"काय एकोणसत्तर?"

"अंश. चौऱ्याहत्तर झाले की निघू."

"ताई, मला अंधाराच्या आत पोचायचंय. मी चारची वेळ दिली..." ड्रायव्हरने पिंपाखालून येणारा वास एकदा खोल आत घेतला आणि मनगटाकडे पाहिले. "नाही, माझ्या घड्याळात अजून चार वाजायचेत."

छोट्या, वेल्डर आणि बेकरीवाल्याने मिळून सामान चढवले. शेवटचे कपाट चढले, आणि अंगणातून सिस्टरची आरोळी आली. "शहात्तर!"

अंगणात टाळ्या पडल्या. शेवटच्यांदा पिंप उचलले. टर्की सोनेरी, चकचकीत, किंचित डावीकडे कललेली, गजावर बसून होती. वेल्डरने लावलेल्या पायांनी आपले काम केले होते.

ग्रंथपाल डबे आणायला घरात धावले. सिस्टरचे सात डबे ओळीने काढले, धुतले, पुसले. यात अर्धा तास गेला असेल. ते परत आले तेव्हा गल्लीतली माणसे ताटे घेऊन उभ्या-उभ्या जेवत होती, काठी टेकत बायकोही बाहेर आली होती, आणि गजावर टर्कीच्या जागी टर्कीचा सांगाडा उरला होता.

"भावजी, तुमच्यासाठी पंख ठेवलाय," छोट्या भरल्या तोंडाने म्हणाला.

ग्रंथपाल हातात सात रिकामे डबे घेऊन उभे राहिले. भरून द्यायचे होते ते डबे. चार दिवस, चौथी रीत, लाल शाई, सगळे या सात डब्यांसाठी. आणि सिस्टर ट्रकमध्ये चढून बसली होती.

ड्रायव्हर हात पुसत पुढे आला. "जेवण झकास झालं बरं का, साहेब."

ग्रंथपालांनी डबे कठड्यावर ठेवले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. हा एकच माणूस असा होता, ज्याचा एकही डबा त्यांच्या फळीवर नव्हता. कदाचित म्हणूनच असेल, त्यांचा घसा मोकळा झाला.

"तुम्ही थांबलात," ते म्हणाले. "तुमचे आभार कसे मानू? दिवसभर दुसऱ्यांचं करून दमून यायचात, तरी आधी आमच्या घरी. तिला धरून उभी केलीत. दोन पावलं, मग बारा, मग वीस. मी दाराआडून मोजत होतो. मला काही करता येत नव्हतं, आणि तुम्ही ते एकदाही जाणवू दिलं नाहीत. ती आज अंगणात उभी आहे, ती तुमच्यामुळे. हे मला कधीचं सांगायचं होतं. मला बोलता येत नाही हो."

ड्रायव्हर गोंधळला. "साहेब, मी तर आजच आलोय."

ट्रकच्या खिडकीतून सिस्टर वाकून पाहत होती. तिने दोनदा डोळे पुसले.

"पोचलं, काका," ती म्हणाली.

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाले. मग काहीतरी करायला हवे म्हणून त्यांनी सातही डबे खिडकीपाशी वर धरले. "हे तुमचे. रिकामे आहेत. फार चूक झाली. मुदतही उलटून गेली आहे."

सिस्टरने सर्वांत वरच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली. पेन काढले, जुन्या तारखेवर रेघ मारली आणि खाली काहीतरी लिहिले. डबे मात्र घेतले नाहीत.

"हा माझा नवा पत्ता. काकूंना घेऊन यायचं. एका वेळी एकच डबा आणायचा. मुदत वाढवून दिलीय."

"आमच्या नियमाप्रमाणे मुदत एकदाच वाढवता येते," ग्रंथपाल नकळत म्हणून गेले.

"मग तुम्ही एक भरून आणा, मी दुसरा भरून देईन. म्हणजे दरवेळी नवा. बसतं ना नियमात?"

ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला. "बसतं," ते म्हणाले.

ट्रक वळणाआड गेला. वेल्डर पिंप थंड व्हायची वाट पाहत बसला, बेकरीवाल्याने उरलेला कोळसा पोत्यात भरला, आणि ऊन उतरायच्या आत ग्रंथपालांनी डबे पुन्हा फळीवर लावले. सकाळचे सदतीस आता त्रेचाळीस झाले होते. फळीवर जागा उरली नाही, म्हणून शेवटचे दोन त्यांनी पुस्तकांच्या कपाटात ठेवले.

"मग, पहिल्या डब्यातून काय न्यायचं सिस्टरला?" बायकोने खुर्चीत टेकत विचारले.

ग्रंथपालांनी चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

"उकडलेली अंडी," ते म्हणाले. "पण किती वेळ उकडायची, ते या वेळी तू सांग."